‘उघड्याच’मधला ‘च’

धाकटीनं एका माणसावर एकोणीस वर्षं डूख धरला होता, आणि तो माणूस आठवड्यातून दोनदा तरी कोर्टाच्या जिन्यात तिला हसून विचारायचा, "काय बाई, बरं आहे ना?"

"बरं आहे साहेब," असं म्हणून ती फायली छातीशी धरायची आणि भिंतीला चिकटून वाट द्यायची. मनात काय म्हणायची ते लिहिण्यासारखं नाही.

ती कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी ती दुसऱ्या मजल्यावरच्या भाषांतर विभागातली चष्मेवाली बाई, बस. तो कोण हे मात्र अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. मोठा वकील. तोंडावर सगळे ‘वकीलसाहेब’ म्हणत, पाठीमागे ‘साखर’. आवाज असा गोड की त्यानं एखाद्याचं घर बुडवलं तरी तो माणूस जाताना आभार मानून जाई. कोटाच्या डाव्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या असत. समोरच्या पक्षाच्या साक्षीदारालाही उलटतपासणीआधी तो एक गोळी देऊ करी. "घ्या, घसा मोकळा होतो."

एकोणीस वर्षांपूर्वी त्यानं ताईलाही गोळी दिली होती. सगळ्या प्रकरणात धाकटीला सर्वांत जास्त झोंबायचं ते हेच. ताईनं ती गोळी घेतली होती, आणि वर ‘थँक्यू’ म्हटलं होतं.

ताई धाकटीपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. कपबशांच्या कारखान्यात चाळणीच्या खोलीत कामाला होती. कपबशीला चकाकी आणायला गारगोटीची पूड लागते. ती पूड चाळायची, पोत्यात भरायची, पुन्हा चाळायची. खिडकी उघडली तर पूड उडून वाया जाते म्हणून खिडक्या खिळे मारून बंद. तोंडाला बांधायला कारखान्यानं वर्षाकाठी एक फडकं दिलं, तेही दिवाणखान्याच्या पडद्यातून उरलेलं असावं असं. ताई संध्याकाळी घरी यायची ती पांढऱ्या भुवया, पांढऱ्या पापण्या घेऊन. लहानपणी धाकटीला वाटायचं, आपली ताई रोज कामावर जाऊन म्हातारी होते आणि मोरीत तोंड धुतलं की पुन्हा तरुण होते.

सोळा वर्षांनी तोंड धुऊनही ती तरुण होईना. दोन जिने चढली की तिसऱ्यावर बसायची. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "काम काय करता?" ताईनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मग विचारायलाच नको होतं."

ताईनं कारखान्यावर दावा लावला. तेव्हा कोर्टाचं सगळं कामकाज वरच्या भाषेत चालायचं, मालकांच्या आणि वकिलांच्या. साक्षीदार आपल्या भाषेत बोलणार, दुभाषा त्याचं वरच्या भाषेत करणार, आणि टाइपावर बसलेला माणूस ते उतरवणार. ताई पिंजऱ्यात उभी राहिली. अंगावर ठेवणीतली साडी, तोंडात पेपरमिंट. साखरनं मऊ आवाजात विचारलं, "चाळणीच्या खोलीत धुळीपासून तुमचा काही बचाव होता का?"

ताई म्हणाली, "कसला बचाव साहेब? आम्ही धुळीला उघड्याच असायचो."

साखर थांबला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "उघड्याच?" तो म्हणाला. "म्हणजे... किती उघड्या?"

कोर्ट हसलं. पहिल्यांदा मागचे वकील हसले, मग बाकावरची माणसं, मग टाइपवाला. न्यायाधीशांनी हातोडी आपटली, पण ओठ दाबून आपटली. ताईला आधी कळलंच नाही. हसण्याचं कारण आपण आहोत हे कळल्यावर तिनं पदर गळ्यापर्यंत ओढून घेतला, आणि त्यावर लोक आणखी हसले.

दुभाषा पेंगुळलेला होता. त्यानं ‘उघड्याच’मधला ‘च’ ऐकला आणि त्याचं वरच्या भाषेत जे केलं त्याचा अर्थ होतो ‘स्वतःहून’. साक्षीदार कबूल करते की ती स्वतःहून उघडी राहत असे. हे कागदावर गेलं, त्यावर शिक्का बसला. दुसऱ्या तारखेला ताई कोर्टात गेलीच नाही. दावा निकालात निघाला.

तिला मात्र नाव पडलं. कारखान्याच्या गल्लीत ती ‘उघडी’ झाली. "उघडी आली गं दुकानात." तेव्हापासून ताई भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेलं पोलकं घालते, वरचं बटण काचलं तरी काढत नाही, आणि लग्नामुंजीचं निमंत्रण आलं तर धाकटीला पाठवते.

आणि धाकटी? धाकटी तेव्हा एका स्टेशनरीच्या दुकानात अर्ज टाइप करून द्यायची. त्या दिवशी ती मागच्या बाकावर बसलेली होती. घरी आल्यावर तिनं रद्दीवाल्याकडून एक फाटका शब्दकोश आणला आणि ‘ए’पासून वाचायला सुरुवात केली. कुणी विचारलं तर म्हणायची, वेळ जात नाही. वेळ जात होता, पण तिला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. रद्दीतले जुने निकाल, तारा, करारनामे, जे हाताला लागेल ते वाचून ती वरची भाषा शिकली. शाळा तिची आठवीत सुटलेली. परीक्षा तिनं पस्तिसाव्या वर्षी दिली, पोरीसोरींमध्ये बसून. मग कोर्टात आधी टायपिस्ट, नंतर भाषांतरकार.

टेबलाखाली तिचा बुटांचा एक खोका होता. त्यात बूट नव्हते, पुठ्ठ्याची कार्डं होती. एका शब्दाला एक कार्ड. बहुतेक कार्डं एका बाजूला संपायची. ‘एक्स्पोजर’चं कार्ड दोन्ही बाजूंनी भरून त्याला आणखी तीन टाचलेली होती.

अवलियाच होता तो शब्द. पोर रस्त्यावर टाकून गेलेल्या आईवर खटला भरला तरी हाच. बागेत पँट सोडून उभा राहणाऱ्या बाप्यावरही हाच. थंडीत काकडून मेलेल्या माणसाच्या कागदावर मरणाचं कारण म्हणून हाच. धूळ, विष, किरण अंगाला भिडले की हाच. लफडं बाहेर आलं की हाच. आणि धंदेवाल्यांच्या तोंडी तर हाच उठता-बसता, पण तिथं त्याचा अर्थ इतकाच, की हे प्रकरण आपल्या किती अंगाशी येईल. धाकटी ती कार्डं पुन्हा पुन्हा वाचायची. सगळ्यांच्या बुडाशी तिला एकच गोष्ट दिसायची: कुणाच्या तरी अंगावर पांघरूण नाही. फक्त शेवटच्या अर्थात ज्याच्या अंगावर नसतं तो मोठा माणूस असतो, म्हणून त्याचं पांघरूण शोधायला वकील असतात.

दहा वर्षांपूर्वी हुकूम निघाला, की इथून पुढे कोर्टाचं कामकाज लोकांच्या भाषेत चालेल आणि भाषांतर हाच अधिकृत मजकूर धरला जाईल. त्यासाठी कायद्याचा एक कोश करायचं ठरलं. समितीचा अध्यक्ष कोण, तर साखर. टाइप करायला कोण, तर धाकटी. साखरनं पहिल्याच बैठकीत नियम घालून दिला: "एका शब्दाला एक अर्थ. दोन अर्थ म्हणजे दोन भांडणं."

‘एक्स्पोजर’ची पाळी आली तेव्हा धाकटीनं धीर केला. "साहेब, या शब्दाला सहा अर्थ आहेत."

सगळ्यांनी टाइपरायटरकडे पाहिलं, जणू तोच बोलला.

"बाई," साखर गोड हसून म्हणाला, "तुम्ही टाइप करा. अर्थ आम्ही लावतो." आणि खिशातून गोळी काढून पुढे केली.

"नको साहेब, घसा दुखतोय."

"अहो, घशालाच चांगली असते!"

धाकटीनं टाइप केलं: एक्स्पोजर : संपर्क. एवढंच. घरी येऊन ताईला सांगितलं तेव्हा ताई म्हणाली, "संपर्क? म्हणजे मी सोळा वर्षं धुळीच्या संपर्कात होते? आमचा पत्रव्यवहार चालायचा की काय?"

तर असे दिवस चालले होते, आणि एका सोमवारी हेडक्लार्कनं धाकटीच्या टेबलावर एक गठ्ठा आणून आपटला.

"कपबशीवाले," तो म्हणाला. "अकरा कामगारांनी दावा लावलाय. न्यायाधीशांनी कंपनीच्या बैठकांची वही मागवलीय, पानं मोजून, एकही गाळायचं नाही म्हणून. वही वरच्या भाषेत आहे. कंपनीनं सोबत स्वतःचं भाषांतर जोडलंय. तुम्ही तपासा, शिक्का मारा, मोकळ्या व्हा."

धाकटीनं चष्मा पुसला. वही चाळत गेली: कोळशाचा भाव, भट्टीची दुरुस्ती, नव्या बशीची नक्षी. आणि एकोणीस वर्षांपूर्वीचं एक पान. ताईच्या साक्षीच्या नऊ दिवस आधीचं. विषय, चाळणीच्या खोलीतल्या बाईचा दावा. त्याखाली, कायदा सल्लागार म्हणाले, असं लिहून दोन वाक्यं होती. त्यात ‘एक्स्पोज’ची तीन रूपं होती. तिनं कंपनीचं भाषांतर पाहिलं:

‘बाईचा संपर्क सोळा वर्षांचा आहे. तो कोर्टाच्या संपर्कात येऊ दिला नाही, तर आपला संपर्क नाही.’

वाचणाऱ्याला वाटावं टेलिफोन खात्याबद्दल चाललंय. आणि सगळं कोशाला धरून! एका शब्दाला एक अर्थ. दोनशे पानांच्या गठ्ठ्यात न्यायाधीशांची नजर यावरून घसरून जाणार होती, आणि ती घसरावी म्हणूनच तर हे असं लिहिलेलं होतं. खाली सही होती साखरच्या कचेरीची. खटलाही कंपनीच्या बाजूनं तोच चालवत होता. ‘कायदा सल्लागार’चं नाव वहीत नव्हतं. पण ती दोन वाक्यं कुणाची हे धाकटीला नाव वाचावं इतकं स्पष्ट ऐकू आलं. पेपरमिंटचा वाससुद्धा आला.

म्हणजे त्याला माहीत होतं. ताई पिंजऱ्यात उभी राहायच्या आधीच त्याला माहीत होतं, की तिच्या छातीत काय आहे. ते हसणं अचानक आलेलं नव्हतं. ते ठरवून आणलेलं होतं.

त्या दिवशी धाकटीनं डबा उघडलाच नाही.

घरी गेल्यावर तिनं दार लावलं, वाक्यं कागदावर उतरवून आणली होती ती काढली आणि ताईला वाचून दाखवली, नीट अर्थ लावून. ताई खुर्चीत बसून लसूण सोलत होती. सोललेली पाकळी तिच्या बोटातच राहिली.

"पुन्हा वाच."

धाकटीनं पुन्हा वाचलं.

"मेला," ताई म्हणाली. मग, "आता तू काय करणार?"

"मी लिहिलंय एक," धाकटी म्हणाली आणि दुसरा कागद काढला. तो तिनं येताना बसमध्ये मनातल्या मनात दहा वेळा म्हणून पाहिला होता. त्यात शेवटी सहा शब्द जास्त होते: ‘म्हणून लोकांना हसवून बाईला घालवून देऊ.’

ताईनं ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर असं सुख आलं, की धाकटीला वाटलं हे सहा शब्द घालण्यासाठीच आपण एकोणीस वर्षं शब्दकोश वाचला.

"काय गं छान आहे," ताई म्हणाली. "काढून टाक."

"ताई!"

"काढ म्हणते ना. माझा एक ‘च’ जास्त झाला होता. एक. त्यानं तेवढा धरला आणि मला त्यावर सुकत घातलं. तू सहा शब्द देतेस त्याला? तो त्या सहा शब्दांवर उभा राहून नाचेल आणि आधीची दोन खरी वाक्यं कुणी बघणारसुद्धा नाही." ताईला धाप लागली. ती थांबली, दम खाल्ला. "मला तो त्याच्याच शब्दांत बुडायला हवाय. आपल्या घरचं पाणी त्यात एक थेंब नको."

"बरं."

"आणि दुसरं. तू माझी बहीण आहेस हे तुझ्या ऑफिसात माहीत आहे का कुणाला?"

धाकटी लसणाची सालं गोळा करायला लागली. भाषांतर विभागाचा नियम भिंतीवर काचेत लावलेला होता: प्रकरणात नातं असेल तर लेखी कळवावे. न कळवल्यास नोकरी जाईल. कळवलं तर गठ्ठा जाईल, म्हणून ती कळवणार नव्हती.

"तो मला ओळखत नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं जिन्यात भेटतोय."

"शिक्का मारला नाहीस की ओळखेल. तुझी चौकशी करेल आणि भर कोर्टात विचारेल, बाई, तुम्ही त्या उघडीच्या कोण? मग भाषांतर कचऱ्यात, तू घरी, आणि हसायला सगळे पुन्हा हजर." ताईनं लसणाची पाकळी वाटीत टाकली. "माझ्या कागदावर काय लिहिलंय? स्वतःहून. मी नव्हते गं स्वतःहून. तू हो. तू आधीच सांगून टाक, मग त्याच्याकडे उघडायला उरलं काय?"

"गठ्ठा काढून घेतील माझ्याकडून."

"घेऊ देत. तू लिहून तर दे. खरं भाषांतर आहे ना? मग दुसऱ्या कुणी केलं तरी तेच येईल." आणि मग ताई असं काही हसली, की धाकटीला लहानपणची ताई आठवली, शेजारणीच्या कोंबडीला दोरी बांधून ठेवणारी. "आलं नाही, तर तुझ्या खोक्याला काडी लाव."

दुसऱ्या दिवशी धाकटीनं अर्ज लिहिला. चार ओळी. ‘वहीतील पान अठ्ठ्याण्णववर उल्लेख असलेली चाळणीच्या खोलीतील बाई माझी सख्खी मोठी बहीण आहे. कंपनीचे भाषांतर मला मान्य नाही. माझे भाषांतर सोबत जोडले आहे. ते माझ्या नात्यात नसलेल्या जाणकाराकडून तपासून घ्यावे ही विनंती.’ हेडक्लार्कनं अर्ज वाचला आणि कपाळाला हात लावला. "बाई, गप्प बसला असता तर..."

"बसले होते. एकोणीस वर्षं."

न्यायाधीशांनी दुसऱ्या कोर्टातून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्या भाषांतरकाराला वही पाठवली, धाकटीचा कागद न दाखवता. आठ दिवसांनी त्याचं भाषांतर आलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर एका स्वल्पविरामाचा फरक होता. सगळं फाइलला लागलं. धाकटीचा अर्ज पान एक म्हणून, सगळ्यात वर. प्रती दोन्ही वकिलांना गेल्या.

पण फाइल पहिल्या पानापासून वाचणं साखरच्या स्वभावात नव्हतं. तो नेहमी मधूनच उघडायचा. त्याला एवढंच कळलं की भाषांतर विभागानं शिक्का मारला नाही. तो स्वतः दुसऱ्या मजल्यावर आला.

"काय बाई, बरं आहे ना? अहो, एका शब्दावरून कशाला अडवता? कोश आपलाच आहे. तुम्हीच टाइप केलाय."

"म्हणूनच साहेब. त्यातल्या चुका मला पाठ आहेत."

साखरचं हसू हललं नाही, पण डोळे तिच्यावर प्रथमच थांबले. "मग पिंजऱ्यात भेटू," तो म्हणाला. गोड आवाजातच.

तारखेच्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. अकरा कामगार एका बाकावर, एकजण खोकला की बाकीचे दहा खोकत. त्यांची वकीलबाई चष्मा डोक्यावर सरकवून फाइलमध्ये बुडालेली. न्यायाधीशांना सर्दी झालेली, हातात रुमाल. धाकटी पिंजऱ्यात गेली तशी साखर जवळ आला आणि गोळी पुढे केली.

"घ्या. घसा मोकळा होतो."

धाकटीनं गोळी घेतली. तोंडात टाकली नाही, पर्समध्ये ठेवली. ‘थँक्यू’ म्हटलं नाही.

"बाई, हा कोश ओळखता?"

"हो."

"यात एक्स्पोजरचा अर्थ काय दिलाय?"

"संपर्क."

"आणखी काही?"

"नाही."

"मग तुम्ही तीन-तीन अर्थ कुठून आणलेत? घरून?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. धाकटीला तो आवाज ओळखीचा वाटला, माणूस वेगळा असला तरी. तिनं कठड्याची कड धरली.

"शब्द तीनदा आलाय साहेब," ती म्हणाली. "तिन्ही ठिकाणी उघडं पडणारं वेगळं आहे."

"वा!" साखर कोर्टाकडे वळला. "म्हणजे पुन्हा उघडं! हे ऐकल्यासारखं वाटतंय मला." तो परत तिच्याकडे वळला आणि आवाज आणखी मऊ केला. चौकशी त्यानं केली होतीच. "बाई, एक नाजूक प्रश्न विचारतो. चाळणीच्या खोलीत एक बाई होती. कोर्टात येऊन आपण उघड्याच असायचो असं सांगणारी. तुम्ही तिच्या कोण?"

त्यानं पॉझ घेतला. हसण्यासाठी जागा सोडली.

"धाकटी बहीण," ती म्हणाली. "पान एक."

"काय?"

"फाइलचं पान एक, साहेब. मीच लिहून दिलंय. स्वतःहून."

न्यायाधीशांनी रुमाल खाली केला. "वकीलसाहेब, तुम्ही पान एक वाचलं नाहीत? त्यानंतर पान दोन आहे. दुसऱ्या जाणकाराचं भाषांतर. तेच्या तेच आहे."

साखरनं फाइल पहिल्या पानावर उघडली. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. खोलीत सोडलेली जागा तशीच राहिली, कुणी हसून ती भरली नाही.

"आता मलाच नीट सांगा," न्यायाधीश धाकटीला म्हणाले. "कोश राहू द्या बाजूला. साध्या भाषेत, माझ्या आईला कळेल असं. तीन अर्थ कुठले?"

"पहिला, अंगात जाणं. धूळ अंगात जाते तसं. दुसरा, उघडं पडणं. तिसरा, अंगाशी येणं."

"मग वाक्यं वाचा."

धाकटीनं वाचली. हळू, एकेक शब्द ठेवत, चिनी मातीचे कप ठेवावेत तशी.

"कायदा सल्लागार म्हणाले, बाईच्या अंगात सोळा वर्षं धूळ गेलेली आहे. ते कोर्टात उघडं पडू दिलं नाही, तर आपल्या अंगाशी काहीच येणार नाही."

बाकावरचे अकराही जण खोकायचे थांबले.

"काहीच," न्यायाधीश म्हणाले. "हा ‘च’ मुळात आहे? कंपनीच्या भाषांतरात दिसत नाही."

"आहे साहेब. मुळात आहे. ‘च’च्या बाबतीत मी फार काळजी घेते."

न्यायाधीशांनी पान अठ्ठ्याण्णव स्वतः वाचलं, दोनदा. मग विचारलं, "हे कायदा सल्लागार कोण? नाव दिसत नाही."

"मी तेच विचारणार होते," वकीलबाई चष्मा डोळ्यांवर आणत म्हणाली. 

साखरनं पाण्याचा ग्लास उचलला. प्यायला. सगळा. ग्लास ठेवताना तो टेबलाच्या कडेला लागून वाजला.

"मी," तो म्हणाला.

"ऐकू आलं नाही," टाइपवाला म्हणाला. तो बिचारा खरंच ऐकू आलं नाही म्हणून म्हणाला. पण त्या तीन शब्दांसाठी धाकटीनं त्याला मनातल्या मनात शंभर वर्षं आयुष्य दिलं.

"मी!"

"नुसतं ‘मी’ लिहू का साहेब?"

"पूर्ण लिहा," न्यायाधीश म्हणाले. "नाव, सनद क्रमांक, सगळं. आणि वकीलसाहेब, तुम्हाला आता या खटल्यात त्या टेबलाशी उभं राहता येणार नाही. पुढच्या तारखेला तुम्ही इथे या." त्यांनी रुमालाच्या हातानं पिंजरा दाखवला.

धाकटी पिंजऱ्यातून उतरली. दारापाशी साखर तिच्या वाटेत आला. खिशात हात होता, पण बाहेर काही आलं नाही.

"काय साहेब," धाकटीनं हसून विचारलं, "बरं आहे ना?"

आणि यावेळी भिंतीला तो चिकटला.

ताई दारातच खुर्ची टाकून बसली होती. धाकटीनं चपला काढायच्या आत विचारलं, "हसले का?"

"नाही. एकजण फिस्सकन, सुरुवातीला. नंतर कुणी नाही."

"आणि तो?"

धाकटीनं सगळं सांगितलं. ताईनं मध्ये तीनदा थांबवलं. ‘पान एक’ला थांबवलं, ‘काहीच’ला थांबवलं आणि ग्लासाशी तर तिला मागे जाऊन पुन्हा यायला लावलं.

"सगळं पाणी प्यायला?"

"तळापर्यंत."

"बरं झालं. अजून?"

"अजून काय, मी निघाले तेव्हा खाली शिपाई हेडक्लार्कला विचारत होता, ‘संपर्क गेले का घरी?’ आणि हेडक्लार्क म्हणाला, ‘संपर्क तुटला.’"

ताईनं कान टवकारले. "कोण संपर्क?"

"तोच. एका दुपारीत नाव पडलं. साखर कुणी म्हणतच नाही आता. जिन्यात एकजण म्हणत होता, संपर्क सध्या कक्षेच्या बाहेर आहेत."

ताई हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, ठसक्याचा खोकला झाला, धाकटीनं पाठ चोळली, पाणी दिलं, तरी मधूनमधून ती "संपर्क" म्हणून पुन्हा हसायची. श्वासाला जागा हवी म्हणून तिनं हात गळ्याशी नेला आणि वरचं बटण सोडलं. सोडलं हे तिच्या लक्षातही आलं नाही. धाकटीच्या आलं.

"हे नाव जन्मभर जायचं नाही त्याचं," ताई डोळे पुसत, अगदी तृप्त होऊन म्हणाली. "मला विचार ना. जात नाही."

धाकटीनं पर्समधून गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. "तुझ्यासाठी आणलीय. त्यानं दिली."

ताईनं कागद सोडवला, गोळी उजेडात धरून बघितली, तोंडात टाकली आणि न चोखता कडाकड चावली.

"पाणी प्यायला तिथून सांग," ती म्हणाली. "पुन्हा. आणि हळू."